मोजणीची साखळी आणि खेळाचा माउस

वाशीमच्या आमच्या जुन्या घरात, माजघराच्या खुंटीला, वडिलांची मोजणीची लोखंडी साखळी अजून टांगलेली आहे. तेहतीस फूट लांबीची आणि सोळा आण्यांत विभागलेली अशी साखळी ज्या काळी वऱ्हाडातील वावरांच्या धुऱ्यांवरून फिरत होती, त्या काळी एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि अशा चाळीस गुंठ्यांचा एक एकर हा हिशेब पटवाऱ्यापासून कास्तकारापर्यंत सर्वांना मुखोद्गत असे. वडील मोजणी खात्यात नोकरीला होते. कामावर निघण्यापूर्वी अंगणात रोवलेल्या दोन दगडांमध्ये ते ही साखळी ताणून पाहत, आणि दगडांवरच्या खुणांशी ती तंतोतंत जुळल्यावाचून तिला खांद्यावर घेत नसत. वापराने साखळीच्या कड्या सैलावतात, तिची लांबी केसाकेसाने वाढते, आणि मग गावाची हद्द कागदावर एक व जमिनीवर दुसरी अशी होऊन पिढ्यान्‌पिढ्यांच्या वादाचे बी तिथेच पेरले जाते, हे ते जाणून होते. साखळीवर खुणा किती आहेत यापेक्षा तिची प्रत्येक खूण खरी आहे की नाही, हा प्रश्न त्यांच्या लेखी मोठा होता.

या साखळीची आठवण गेल्या दिवाळीत एका वेगळ्याच निमित्ताने झाली. रिसोडहून सुट्टीत आलेल्या आमच्या भाच्याला संगणकावर खेळण्यासाठी माउस घ्यायचा होता, आणि पाटणी चौकातल्या एका दुकानात दोन खोकी समोर ठेवून तो मला विचारीत होता, ‘मामा, याच्यात सव्वीस हजार डीपीआय हाय, अन् त्याच्यात आठच हजार. मंग हाच चांगला ना?’ प्रश्न निर्मळ होता, आणि तो एकट्या त्याचा नव्हता. काही शे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत किमती असलेल्या या वस्तूंच्या बाजारात गिऱ्हाइकाला जो आकडा सर्वांत ठळक दिसतो तो हाच असतो. सबब या आकड्याचा अर्थ काय, त्याचे महत्त्व किती, आणि त्याच्यापलीकडे पाहावयाचे ते काय, याची थोडी सविस्तर चिकित्सा येथे करण्याचे योजिले आहे.

माउस हे मूलतः मोजणीचे साधन आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये पहिला माउस घडविला, तेव्हा ती एक लाकडी पेटी होती आणि तिच्या तळाशी एकमेकींशी काटकोनात बसविलेली दोन चाके होती. एक चाक आडवे अंतर मोजी व दुसरे उभे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट यांनी ते साधन जाहीरपणे चालवून दाखविले, आणि १९७० मध्ये त्यांना जे पेटंट मिळाले त्यात या वस्तूचे वर्णन पडद्यावरील स्थानाचा आडव्या-उभ्या अक्षांवरील दर्शक अशा अर्थाचे केले होते. पुढे चाकांच्या जागी रबरी आवरणाची गोळी आली. २००० सालच्या सुमारास ज्यांनी सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने पैसे मोजून संगणक हाताळला, त्यांना माउस उलटा करून, तळाची चकती फिरवून ती गोळी बाहेर काढल्याचे आणि आतल्या बारीक दांड्यांवर साचलेला धूळ-तंतूंचा काळा थर नखाने खरवडल्याचे अवश्य स्मरत असेल. कापसाच्या आणि सोयाबीनच्या मुलखात हंगामाची धूळ कोठेही शिरते. ती गोळीला चिकटली की पडद्यावरचा बाण अडखळू लागे, म्हणजेच साखळीची कडी सैल झाली असे समजावे.

१९९९ च्या सुमारास प्रकाशावर चालणारे माउस सर्वसामान्य बाजारात आले आणि ही गोळी हळूहळू अस्तंगत झाली. आजच्या माउसच्या पोटात एक दिवा आणि एक चिमुकला कॅमेरा असतो. दिव्याचा प्रकाश टेबलाच्या पृष्ठभागावर तिरपा पडतो, त्यामुळे डोळ्यांना गुळगुळीत भासणाऱ्या लाकडाच्या अथवा कापडाच्या बारीक उंचवट्यांच्या सावल्या उठून दिसतात, आणि कॅमेरा त्यांची एकामागून एक चित्रे घेत जातो. या कॅमेऱ्यालाच संवेदक म्हणतात. आरंभीच्या संवेदकांत प्रत्येक चित्र अवघ्या १६ गुणिले १६ ठिपक्यांचे असे व सेकंदाला सुमारे दीड हजार चित्रे घेतली जात; पिक्सआर्ट या तैवानी कंपनीच्या ३३६० या गाजलेल्या संवेदकात हीच संख्या सेकंदाला बारा हजारांपर्यंत गेली. मागचे चित्र व पुढचे चित्र एकमेकांवर सरकवून, ती कोठे जुळतात हे पाहून, हात कोणत्या दिशेस किती सरकला याचा हिशेब आतील चिप क्षणोक्षणी काढीत असते. या कामाला पृष्ठभागावर काही पोत लागतो. म्हणूनच स्वच्छ काचेच्या टेबलावर बहुतेक माउस वेड्यासारखे वागतात, आणि त्याचा दोष संवेदकाला देण्यात अर्थ नसतो.

आता डीपीआयकडे वळू. माउस एक इंच सरकला असता तो किती पायऱ्या मोजतो, तो हा आकडा. ८०० डीपीआयच्या माउसने एका इंचात ८०० पायऱ्या मोजल्या आणि संगणकाच्या मूळ मांडणीत प्रत्येक पायरीस बाण पडद्यावर एक ठिपका सरकला, तर १,९२० ठिपके रुंदीच्या नेहमीच्या पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाण्यास हाताला २.४ इंच, म्हणजे सुमारे सहा सेंटिमीटर सरकावे लागते. तोच माउस १६,००० वर नेला की हे अंतर तीन मिलिमीटरवर येते. तीन मिलिमीटर म्हणजे तुरीच्या दाण्याच्याही जाडीहून कमी. एवढ्या अवकाशात संपूर्ण पडदा कोंबला गेला असता, ठोका (क्लिक) देताना बोटाला येणारा नैसर्गिक कंपही बाणाला लक्ष्यावरून ढकलून देण्यास पुरेसा होतो. साखळीच्या एका आण्यावर शंभर जादा रेघा ओढल्याने साखळी अधिक खरी होत नाही, तसाच हा प्रकार आहे. नेम धरून खेळावयाच्या खेळांतील मुरलेले खेळाडू सामान्यतः ४०० ते १,६०० या पट्ट्यातच स्थिरावलेले आढळतात, आणि एवढी मर्यादा आजचा कोणताही बरा माउस सहज गाठतो. सव्वीस हजारांचा आकडा खोटा नसतो. परंतु ज्या वावरात आपण पाऊलच ठेवणार नाही त्याचा सातबारा दाखविण्यासारखे ते आहे.

यातच एक दुसरे गणित गुंतलेले आहे, आणि ते खेळणाऱ्याने एकदा स्वतः करून पाहावे. काउंटर-स्ट्राइक या खेळात संवेदनशीलतेचा आकडा १ ठेवला, तर माउसच्या प्रत्येक पायरीस दृश्य ०.०२२ अंश वळते. म्हणजे स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेण्यास सुमारे १६,३६४ पायऱ्या लागतात, आणि ८०० डीपीआयवर हे अंतर सुमारे ५२ सेंटिमीटर भरते. संवेदनशीलता २ केली की तेच अंतर २६ सेंटिमीटर होते. डीपीआय निम्मे करून संवेदनशीलता दुप्पट केली तरी गिरकी तीच राहते, कारण दोहोंचा गुणाकारच खरा असतो. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, मित्राने सांगितलेला नुसता डीपीआय आपल्या उपयोगाचा नाही, त्याच्या जोडीला खेळातला आकडाही विचारला पाहिजे; आणि दुसरी ही की, ज्याला अर्धा मीटर हात फिरवावयाचा आहे त्याच्या टेबलावर वीतभर चटई ठेवून भागणार नाही. माउससाठी काढून ठेवलेल्या रकमेतून काही भाग मोठ्या कापडी पॅडसाठी राखून ठेवणे ही उधळपट्टी नव्हे, किफायतच आहे.

संवेदकाने मोजलेले अंतर संगणकाकडे रुजू होते ते किती वेळा, हा पुढचा प्रश्न. यास पोलिंग रेट म्हणतात. कचेरीतील साधा माउस सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी आपली वर्दी देतो. खेळाचा माउस सामान्यतः १,००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला. हा फरक सावध खेळाडूच्या हाताला जाणवू शकतो. परंतु याच्यापुढे ८,००० वेळा वर्दी देणारे माउस घेण्याआधी आपला पडदा पाहावा: घरोघरी असलेला ६० हर्ट्झचा पडदा स्वतः दर १६.७ मिलिसेकंदांनीच नवे चित्र दाखवितो, आणि १४४ हर्ट्झचा दर ६.९ मिलिसेकंदांनी. वर्दी कितीही लगबगीने आली तरी पडद्यावरील चित्र आपल्या ठरल्या वेळीच बदलते. उलट त्या हजारो वर्दींचा हिशेब ठेवण्यात जुन्या संगणकाची ताकद खर्ची पडते. साधा पडदा आणि जुना संगणक ज्याच्या घरी आहे, त्याने १,००० वर समाधान मानावे हे उत्तम.

वाशीम हे गाव मोजमापाच्या विचाराला नवखे नाही. वाकाटकांच्या काळी वत्सगुल्म म्हणून नांदलेल्या या नगरीत मध्यमेश्वराचे मंदिर आहे, आणि प्राचीन ज्योतिर्विदांची मध्यरेखा येथून जात असे, अशी परंपरा लोक आजही सांगतात. मोजणीला आरंभीची एक रेषा लागते, तिच्यावाचून पुढचे सारे आकडे अधांतरी राहतात, हे त्या परंपरेतील मर्म आहे. माउसच्या निवडीत ती आरंभरेषा म्हणजे आपला हात. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी धरून लांबी मोजावी. माउसची लांबी तिच्या सुमारे साठ टक्के असावी, असा एक ढोबळ ठोकताळा खेळाडूंत रूढ आहे. भाच्याचा हात १७ सेंटिमीटर भरला, तेव्हा त्याच्यासाठी दहा सेंटिमीटरच्या आसपासचा माउस पाहावयाचा, आणि त्याने उचललेला साडेबारा सेंटिमीटरचा मोठा, रंगीबेरंगी दिव्यांचा माउस बाजूस सारावयाचा, हे तिथेच ठरून गेले.

लांबीइतकीच पकडही महत्त्वाची आहे. काही जण संपूर्ण तळवा माउसवर टेकवितात. त्यांना मागच्या बाजूस भरीव उंचवटा असलेला माउस मानवतो. काही जण तळव्याचा मागला भाग टेकवून बोटे पंज्यासारखी वाकवितात. त्यांना मध्यम लांबीचा व मागे आखूड उतार असलेला माउस लागतो. काही जण तर केवळ बोटांच्या टोकांनी माउस धरतात, तळवा त्याला शिवतही नाही. त्यांच्यासाठी तो लहान, बुटका आणि हलका असला पाहिजे. आपली पकड कोणती हे ठरवून शिकण्याची गोष्ट नव्हे. खेळात रंगलेल्या मुलाचा हात बाजूला बसून दहा मिनिटे न्याहाळला की ती आपोआप कळते. डावखुऱ्या मुलाच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी, कारण उजव्या हाताच्या घडणीचा माउस त्याच्या बोटांना सतत तिरपे बसवितो. त्याला दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माउस द्यावा आणि अंगठ्याची बटणे त्याच्या बाजूस आहेत का, हे खोके उघडून पाहावे.

वजनाचा विचार आमच्या पिढीला तोळ्यांत सुचतो. पूर्वी शंभर ग्रॅमच्या वरचे, म्हणजे नऊ-दहा तोळ्यांचे माउस भारदस्त मानले जात. आज नेमाच्या खेळांसाठी साठ ग्रॅमच्या, म्हणजे जेमतेम पाच तोळ्यांच्या माउसला पसंती आहे. ज्याला संध्याकाळभर हात अर्धा मीटर इकडून तिकडे फेकावयाचा आणि क्षणात थांबवावयाचा आहे, त्याच्या मनगटाला हा फरक निश्चित जाणवतो. मात्र प्रत्येक खेळाची गरज एकच नसते. एज ऑफ एम्पायर्ससारख्या राज्य वसविण्याच्या खेळात वजनापेक्षा ठोक्याचा हलकेपणा व चाकाचा नेमकेपणा उपयोगी पडतो. आणि ज्या खेळांत अनेक विद्या व शस्त्रे हाताशी लागतात, त्यांत अंगठ्याखाली डझनभर बटणे असलेला जड माउसही सोयीचा ठरतो. सबब कोणता माउस, असे विचारण्यापूर्वी कोणता खेळ, हे विचारले पाहिजे.

तारेचा घ्यावा की बिनतारी, यावर फार वाद होतो. रेडिओ लहरींच्या स्वतंत्र कांडीवर (डोंगलवर) चालणारे आजचे चांगले बिनतारी माउस तारेच्या बरोबरीने चालतात. ब्लूटूथवर चालणारा मात्र खेळाला मंद पडतो, तो कचेरीच्या कामाला ठीक. बिनतारी माउसची कांडी संगणकाच्या पाठीमागे न खोचता लांब वायरीने माउसजवळ आणून ठेवावी. परंतु हाती पैसा मोजका असेल तर त्याच किमतीत तारेच्या माउसमध्ये संवेदक व बटणे अधिक चांगली मिळतात, हा साधा व्यवहार आहे. तार मऊ, विणलेली असावी, आणि टेबलाच्या कडेवर घासणार नाही अशी वर उचलून बांधावी.

बटणांविषयी एक अनुभव सांगणे अगत्याचे आहे. याआधी आम्ही भाच्यासाठी घेतलेल्या एका माउसचे डावे बटण सात महिन्यांत एका ठोक्याला दोन ठोके देऊ लागले. बटणाखाली एक पातळ धातूची पट्टी असते. ती दाबली की दुसऱ्या धातूला टेकते, आणि टेकताना अतिसूक्ष्म उड्या मारते. या उड्या न मोजण्याची तजवीज आत केलेली असते. परंतु पट्टी झिजली किंवा पावसाळी दमट हवेने तिच्यावर गंज धरला की उडी दुसरा ठोका म्हणून नोंदली जाते. काही नव्या माउसमध्ये धातूऐवजी प्रकाशाचा किरण अडवून ठोका नोंदवितात, त्यामुळे ही व्याधी त्यांना जडत नाही. त्या वेळी आमच्यापाशी पावती नव्हती, आणि विक्रेत्याने हात वर केले. म्हणून आता सांगतो: वस्तू व सेवा कराचा क्रमांक असलेले पक्के बिल घ्यावे, आणि खोक्यावर निर्मात्याचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत व ग्राहक-सेवेचा संपर्क छापलेला आहे याची खातरजमा करावी, हा मजकूर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार गुदरता येते, म्हणजे माल मुंबई-बंगळूरहून मागविला असला तरी वाशीमकरास वाशीममध्येच दाद मागण्याची मुभा आहे. आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक त्याआधीचे पाऊल म्हणून उपयोगी पडतो.

खेळासाठी एवढा विचार कशास, असे काही वडीलधारी मंडळी विचारतील. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला क्रीडाप्रकारांच्या पंक्तीत स्थान दिले, आणि हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ते पदकाचे खेळ म्हणून खेळले गेले. २०२५ च्या कायद्याने पैशाच्या पैजेवर चालणारे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले, पण कौशल्याच्या स्पर्धात्मक ई-स्पोर्ट्सला उत्तेजन देण्याचेच धोरण ठेवले; हा भेद घरोघरी समजून घेतला पाहिजे. आणि मूल खेळणारच असेल तर त्याच्या मनगटाला इजा होऊ नये, कोपर टेबलाच्या उंचीला यावे, आणि दर तासाला हात मोकळा करण्याचा शिरस्ता पडावा, ही काळजी घेणे वडीलधाऱ्यांचे कर्तव्यच ठरते.

आम्ही शेवटी साठ-सत्तर ग्रॅमचा, तारेचा, आठ हजार डीपीआयचा लहान माउस घेतला, आणि उरलेल्या पैशांत मोठे कापडी पॅड. घरी आल्यावर पहिले काम केले ते संगणकाच्या मांडणीतील ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ ही खूण काढून टाकण्याचे. नाव अचूकपणाचे असले तरी ही सोय हाताच्या वेगानुसार अंतर ताणते: हात हळू सरकला तर बाण थोडा, वेगाने सरकला तर अधिक. मोजणीदार घाईने चालला म्हणून साखळी लांबावी, तसे हे होते. आणि ज्या हाताला अंतर पाठ करावयाचे आहे त्याला अशी साखळी कधीच पाठ होत नाही.

मग भाच्याने पॅडवर खडूने एक रेघ काढली आणि माउसची कड तिला लावून, पडद्यावरील बाण एका चिन्हावर नेऊन ठेवला. हात एका झटक्यात उजवीकडे फेकला, आणि सावकाश, पट्टीच्या काठाने, माउस पुन्हा त्या रेघेवर आणला. बाण चिन्हावर परतला. त्याने तेच पुन्हा केले, मग तिसऱ्यांदा, या वेळी अधिक वेगाने. आणि तिन्ही खेपांस बाण आपल्या जागी आला, तेव्हा त्याने मान वर करून खुंटीकडे पाहिले व म्हणाला, ‘मामा, आजोबा साखळी अशीच पायत होते का?’ मी उठलो, साखळी खाली काढली, आणि आम्ही दोघे तिची दोन टोके धरून अंगणातल्या त्या दगडांकडे गेलो.